स्लावाचं बोलावणं

मासे साफ करता करता विदोसावा मधेच थांबली, सुरी नळाखाली धरली आणि मुलीकडे न बघता म्हणाली, "मी काल स्तामेनाला फोन केला."

येलिसावा बटाटे सोलत होती. "कशाला?"

"सहज."

"आई, तू सहज फोन करणाऱ्यातली नाहीस. काय बोललीस?"

"म्हटलं, उद्या नक्की या दोघं. बाल्शासुद्धा आलाय पॉडगोरिकाहून. आम्ही वाट बघतोय."

येलिसावाच्या हातातला बटाटा तसाच राहिला. "तू त्यांना स्लावाला बोलावलंस?"

"बोलावलं कुठे? या म्हटलं."

"मग बोलावणं आणखी कसं असतं?"

विदोसावानं नळ बंद केला. हात पुसायला फडकं शोधलं. ते तिच्या खांद्यावरच होतं.

स्लावाला, म्हणजे घराण्याच्या संताच्या दिवशी, या खोऱ्यात कोणी कोणाला बोलावत नाही. दार उघडं असतं, मेणबत्ती लावलेली असते, आणि जे आपले असतात ते येतात. लग्नाला आमंत्रण जातं, मयताला निरोप जातो. स्लावाला दोन्ही नाही. बोलवायचं म्हणजे समोरच्याला सांगायचं, की तुम्ही आपणहून याल याची आता खात्री उरलेली नाही. आणि विदोसावानं हे सांगितलं होतं ते स्तामेना आणि तिचा नवरा त्रिफून यांच्या घराला. विदोसावाच्या सासरच्या, शोश्किचांच्या, चार पिढ्यांची पोरं बाप्तिस्म्याच्या वेळी याच घरातल्या माणसांच्या हातावर होती. रक्ताच्या भावाशी भांडता येतं, वाटणी करता येते. कुमशी, बाप्तिस्म्याच्या धर्मपित्याशी, यातलं काही करता येत नाही. खिंडीपलीकडे, सीमेपार मेतोहियात, परदेशी सैन्याच्या पहाऱ्याखाली ती माणसं राहत होती. युद्धानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात परदेशी सैनिकांच्या गाडीमागून जीव मुठीत धरून आली होती, पण न बोलावता आली होती.

"बाल्शाच्या सैन्यातल्या नेमणुकीचं काही बोललीस?" येलिसावानं विचारलं.

"वेडी आहेस का? ते त्यानं स्वतः सांगायचं ठरलंय ना. तोंडावर, आज."

"मग स्तामेना काय म्हणाली?"

"काही नाही. जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, तुमच्याकडे सगळे बरे आहेत ना? आणि ठेवला."

"म्हणजे तिला कळलं."

"काय कळलं? मी काही बोललेच नाही!"

"काहीतरी झालंय एवढं कळलं, आई. तू तिला पहिल्यांदा बोलावलंस. आता ती दोघं चौकशी करणार. इथे बेरानेत कोणालाही विचारलं तरी सांगेल."

विदोसावा स्टुलावर बसली. बासष्टाव्या वर्षीसुद्धा ती स्लावाच्या सकाळी कधी बसत नसे. "मला झोप येत नव्हती गं," ती म्हणाली. "वुकोमान भाऊजी महिनाभर म्हणतायत, कुम आता येणार नाही, कुम थुंकेल आपल्या दारावर. मला वाटलं, एकदा तिच्या तोंडून 'येतो' ऐकलं की झालं."

"ऐकलंस?"

"नाही."

*

विदोसावाचा नवरा मिलोन्या सकाळपासून उभा होता. स्लावाच्या दिवशी यजमान पाहुण्यांसमोर बसत नाही, त्यांना वाढतो, त्यांचे ग्लास भरतो. त्याचा उजवा गुडघा कागद कारखान्यात असल्यापासूनच गेलेला होता. आज त्याला त्या गुडघ्याचे आभार मानावेसे वाटले. लोक विचारत होते, पाय कसा आहे, आणि दुसरं काही विचारत नव्हते.

लोक तसे आले होते. शेजारचे सगळे, विदोसावाच्या माहेरचे, कारखान्यातला एक जुना सोबती. पण यायचे ते थोडे उशिरा आले, आणि आल्यावर कोट काढण्याआधी खोलीत कोण कोण आहे ते बघून घेत होते. मिलोन्याला हे दिसत होतं. बुधवार, उपासाचा वार, पडल्यामुळे टेबलावर मांस नव्हतं. लिम नदीचे मासे, भाजलेला राजमा, आंबवलेला कोबी, अक्रोड घालून केलेल्या मिरच्या. एरवी यावर दहा विनोद झाले असते. आज सगळे मासे चांगले झालेत म्हणत होते.

टेबलाच्या मध्यभागी कोलाच, स्लावाचा गोल पाव, होता. वर कणकेचा क्रूस, कडेनं वेणी, जवळ लाल वाइनची बाटली. तो अजून कापला नव्हता.

"यजमान," फादर ओब्राद हळूच म्हणाले, "मी प्रार्थना म्हटली. पाणी शिंपडलं. मला अजून वरच्या वाडीतली घरं आहेत. बर्फ पडायच्या आत पोचायचंय."

"थोडं थांबा, फादर. कुम येईल."

"मी थांबलो असतो रे. पण कोलाच कापायला मी लागत नाही. तू लागतोस आणि ज्याच्यासोबत तू तो मोडतोस तो लागतो." ते टोपी घालत म्हणाले, "तुझ्या बापानं त्याच्या बापासोबत मोडला. मला माहीत आहे. वाट बघ. पण फार नको. लोक बघतायत."

ते गेले. दार बंद होता होता पुन्हा उघडलं आणि वुकोमान आत आला, मिलोन्याचा थोरला भाऊ. अंगावर काळा कोट, दाढी नुकतीच केलेली, हनुवटीवर ब्लेड लागलेलं. यावर्षी या घरात पाऊल ठेवणार नाही असं तो बाजारात सांगत होता. मिलोन्यानं त्याच्याकडे बघितलं.

"स्लावा सुखाची जावो, यजमान," वुकोमान म्हणाला.

"आलास."

"संतासाठी आलो. तुझ्यासाठी नाही." त्यानं भावाच्या दोन्ही गालांना गाल लावले, घरी गाळलेल्या राकियाचा ग्लास उचलला आणि मग खिडकीजवळ उभ्या असलेल्या पुतण्याकडे, बाल्शाकडे, मान वळवली. "काय कॅप्टन. एवढी मोठी युती. विमानं आहेत, रणगाडे आहेत, अमेरिका आहे. त्यांना म्हणे मेतोहियात दोन माणसं कमी पडत होती. त्यातला एक आमच्याच घरात सापडला."

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"सापडला नाही, काका," बाल्शा म्हणाला. "विचारलंय. शुक्रवारपर्यंत सांगायचंय."

"मग सांग नाही म्हणून! दोनच तर अक्षरं लागतात."

"अफगाणिस्तानला गेलो तेव्हा तुम्ही वासरू कापलं होतंत. याच अंगणात. मला खांद्यावर घेतलं होतंत."

"तिथे आपलं कोण होतं? डोंगर आणि दगड."

"तिथेही माणसंच होती."

"आपली नव्हती!" वुकोमाननं ग्लास टेबलावर ठेवला. "बघ, मी खुळा नाही. देश केवढा? एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाला ऐकू जातं. कोणाच्या तरी छत्रीखाली जायला लागतं, समजतं मला. गेलो. मला कोणी विचारलं नाही, पण देश गेला. म्हणून काय आपल्याच माणसांच्या घरासमोर त्यांच्या वतीनं बंदूक घेऊन उभं राहायचं? नव्व्याण्णवला तुझा चुलतभाऊ मेतोहियात खंदकात होता. वरून हीच युती बॉम्ब टाकत होती. त्याचा डावा कान अजून ऐकत नाही. तो आज आला नाही, बघतोयस ना? कळतंय ना का नाही आला?"

"कळतंय."

"काय कळतंय?"

"त्याच्या जागी मी असतो तर मीही आलो नसतो," बाल्शा म्हणाला.

वुकोमाननं रिकामा ग्लास पुन्हा उचलला. मिलोन्यानं पुढे होऊन त्याचा ग्लास भरला. त्याला मुलाचा राग येत होता आणि भावाचाही, आणि दोघांचंही त्याला बरोबर वाटत होतं. हातात बाटली असल्यामुळे त्याला काही बोलायला लागलं नाही.

*

दुपार कलली तसं खिडक्यांवर आतून बाष्प धरलं. येलिसावा रुमालानं एक काच पुसून रस्ता बघत होती. बेरानेतल्या औषधाच्या दुकानात ती उभी असे तेव्हा गेले काही आठवडे लोक तिला औषधाचं नाव सांगत, पैसे देत आणि निघून जात. आधी याच लोकांना तिच्याशी रक्तदाबापासून सुनेपर्यंत सगळं बोलायचं असे. तिला भाऊ जावा असं वाटत होतं. जाऊ नये असंही वाटत होतं. ती याबद्दल कोणाशी बोलली नव्हती, कारण कोणी तिला विचारलं नव्हतं.

"विदोसावा," वुकोमान टेबलाच्या टोकावरून म्हणाला, "कोलाच असाच सुकवणार का? मिलोन्या, ये. मी धरतो दुसरी बाजू. थोरला भाऊ आहे, माझा हक्क आहे."

सगळ्यांच्या माना यजमानाकडे वळल्या. मिलोन्या बाटली घेऊन होता तिथेच थांबला. वुकोमाननं खरंच कोलाच धरला असता तर उद्या सकाळपर्यंत सगळ्या खोऱ्यात कळलं असतं, की शोश्किचांचा कुम आला नाही, आणि त्याची वाटही पाहिली गेली नाही.

"कुम येईल," मिलोन्या म्हणाला.

"आणि नाही आला तर?"

"तर रात्रीपर्यंत राहील तसाच."

"का येणार नाही पण?" येलिसावा काचेपासून वळली. तिच्या लक्षात एक गोष्ट आली होती आणि ती तिला आवडली नव्हती. "काका, तुम्ही सकाळपासून म्हणताय, येणार नाही, येणार नाही. इतकं नक्की कसं माहीत तुम्हाला?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना अंदाज आहे. तुम्ही अंदाजानं बोलत नाही आहात."

वुकोमाननं काटा उचलला, माशाचा एक काटा बाजूला काढला. "त्यानं मला फोन केला. काल संध्याकाळी."

"कोणी? कुम त्रिफूननं?"

"विचारत होता, काय झालं? विदोसावानं आम्हाला बोलावलं, असं का? कोणी मेलं का, की आम्ही काही चुकलो?" त्यानं वर बघितलं. "मी काय खोटं बोलणार होतो कुमशी?"

विदोसावा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात राजम्याचं मातीचं भांडं. "तुम्ही सांगितलंत," ती म्हणाली. "बाल्शा स्वतः सांगणार होता. आज, तोंडावर. आणि तुम्ही फोनवर सांगितलंत."

"तू बोलावलं नसतंस तर त्यानं विचारलंच नसतं!"

"हो. ती चूक माझी. मी रात्रभर तीच चघळतेय." तिनं भांडं टेबलावर ठेवलं, आणि येलिसावानं आईचा असा आवाज पूर्वी ऐकलेला नव्हता. "पण मी नातं धरून ठेवायला फोन केला, भाऊजी. तुम्ही कशासाठी उचललात?"

"अगं, त्यानं केला, मी..."

"महिनाभर तुम्हाला हवं होतं की कुमनं याला अडवावं. तुमच्यानं तो अडला नाही म्हणून. माझ्या पोराला अडवायला तुम्ही माझ्या नातीचा कुम पुढे केलात. बाल्शाची पोर चार महिन्यांची आहे. तिला बाप्तिस्म्याला हातावर कोण घेणार आता? तुम्ही?"

वुकोमान उठला. येलिसावाला वाटलं, तो कोट घेऊन जाणार. तो खरंच खुंटीपर्यंत गेला. मग त्याला दिसलं की बाल्शा तिथे नाही. खिडकीजवळची जागा रिकामी होती, आणि बाहेरचं दार वाऱ्यानं थोडं उघडलं होतं.

"कुठे गेला तो?" वुकोमाननं विचारलं, आणि आता त्याच्या आवाजात राग नव्हता.

येलिसावानं पुन्हा काच पुसली. खाली, कुंपणाच्या फाटकाशी, एक जुनी हिरवी गाडी उभी होती.

*

गाडी फाटकाबाहेर थांबलेली पाहून बाल्शा घाईनं खाली उतरला. त्रिफून नेहमी गाडी थेट अंगणात आणायचा, कोंबड्या उडायच्या, तो हॉर्न वाजवत आईला हाका मारायचा. आज तो फाटकाबाहेर उतरून, टोपी हातात घेऊन उभा होता. एकटाच.

"कुम, आत या ना. थंडी आहे."

"बोलावलेल्या माणसानं फाटकाशी थांबायचं असतं," त्रिफून म्हणाला. "घरातलं कोणी न्यायला येईपर्यंत. मी कधी बोलावलेला नव्हतो, त्यामुळे मला नीट माहीत नाही. असंच असतं ना?"

"आईनं घाबरून केला फोन."

"स्तामेनाला समजलं ते. ती रडली पण. येत नाही म्हणाली."

"का?"

"म्हणाली, मी गेले तर त्या पोराच्या तोंडाकडे बघून सगळं कबूल करून येईन." त्रिफूनच्या मिशीत हसू आलं आणि गेलं. "तुला लहानपणी नऊ दिवस सांभाळलं होतं तिनं. गोवर आला होता. तुला आठवणार नाही."

बाल्शा गाडीच्या मागे गेला. त्रिफून कधी रिकाम्या हातानं येत नसे. लहानपणापासून सामान उतरवायचं काम बाल्शाचं होतं, सवयीनं त्याचा हात डिकीच्या झाकणाकडे गेला. त्रिफूनचा पंजा त्याच्या आधी झाकणावर पडला.

"राहू दे."

"सामान काढतो फक्त."

"माहीत आहे. राहू दे." हात तसाच होता, जाड, गोठ्यातल्या कामानं फुटलेला. "दर शनिवारी मी मठात चीज घेऊन जातो. रस्त्यात अडसर आहे, सैन्याचा तपासणी नाका. इटालियन पोरं असतात. एक जण डिकी उघडतो, पिशव्या चाचपतो. मी त्याला आपल्या भाषेत आईवरून शिव्या देतो. तो हसतो. मग मी त्याला एक गोळा चीज देतो, तो त्याच्या भाषेत काहीतरी म्हणतो. बहुतेक शिव्याच. असं किती वर्षं चाललंय. ती पोरं बदलतात, पण चालतं. कारण तो माझा कोणी नाही. परक्यानं डिकी उघडली तर मला काही होत नाही."

बाल्शानं हात मागे घेतला.

"तू उघडशील तेव्हा मी काय करू? तू सांग. तू शिकलेला आहेस."

"माझी नेमणूक तिथे नसेल. मुख्यालयात असेल, कागदांवर."

"आणि तिथे पाठवला तर?"

"तर जावं लागेल."

"हं." त्रिफूननं मान हलवली. जणू याच उत्तराचा हिशेब तो करून आला होता. "वुकोमान मला फोनवर म्हणाला, त्याला शाप दे, म्हणजे जाणार नाही. मी म्हटलं, वुकोमान, तू इथे येऊन एक हिवाळा राहा, मग आपण शाप देऊ. ते सैनिक उद्या गेले तर मला झोप लागेल का? नाही लागणार. मला ते नकोत आणि मला त्यांच्यावाचून राहताही येत नाही. हे बेरानेतल्या हॉटेलात बसून समजत नाही."

"म्हणूनच मला वाटतं," बाल्शा म्हणाला, आणि त्याला जाणवलं की इतके दिवस पाठ केलेलं वाक्य आता लंगडं निघतंय, "कोणी ना कोणी उभं राहणारच असेल, तर ज्याला तुमचं नाव नीट म्हणता येतं असा कोणी का नसावा?"

"कारण ज्याला नाव म्हणता येतं त्याला मला ओळखावं लागतं." त्रिफूननं डिकीवरचा हात काढला. "मी तुला जाऊ नको म्हणायला आलो नाही. तसं म्हणायचं असतं तर आलोच नसतो. चल. तुझा बाप उभा असेल."

*

त्रिफून आत आला तेव्हा सगळे उठले. त्यानं चौकटीत थांबून मेणबत्तीकडे बघून छातीवर क्रूसाची खूण केली, "स्लावा सुखाची जावो, यजमान," म्हणाला, आणि मिलोन्याला मिठी मारली. ती नेहमीपेक्षा थोडी जास्त वेळ टिकली.

विदोसावा पुढे आली. "कुम, मी..."

"मासे आहेत का?" त्रिफून म्हणाला. "बुधवार म्हणजे मासे. मी खिंडीपासून माशांचाच विचार करतोय."

दोघांनी कोलाच उलटा केला. मिलोन्यानं खाली क्रूसासारखी चीर दिली, वाइन ओतली. मग दोघांनी तो हातांवर धरून फिरवला आणि दोन बाजूंनी ओढला. पाव सुकला होता, सहज तुटेना. मिलोन्याचा गुडघा लचकला तसा त्रिफूननं एका हातानं त्याचं कोपर धरलं आणि दुसऱ्या हातानं पाव ओढला. तुटला. दोघांनी अर्ध्या-अर्ध्या भागाचं चुंबन घेतलं. विदोसावा रडत होती, कोणी तिच्याकडे बघितलं नाही.

वुकोमान कोट हातावर घेऊन खुंटीपाशीच उभा होता. त्रिफूननं बाजूची खुर्ची ओढली. "बस रे. फोनवर एवढं बोललास, आता इथे मुका झालास का?"

वुकोमान बसला.

खाणं झालं. त्रिफून नीट जेवला, दोन मासे, राजमा, वर राकिया. त्यानं बर्फाबद्दल, गाईबद्दल विचारलं, पण खोलीत सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्यालाही ते माहीत होतं. शेवटी त्यानं हात पुसले आणि रुमालाची घडी घातली.

"बाल्शा. जाणार?"

बाल्शाला शुक्रवारपर्यंत वेळ होता. त्यानं वडिलांकडे पाहिलं. मिलोन्या पाहुण्यामागे उभा होता, हातात बाटली, आणि त्याच्या चेहऱ्यावर हो नव्हतं की नाही नव्हतं. आता नाही म्हटलं तर सगळे सुटले असते. काका, आई, कानानं अधू झालेला भाऊ. फक्त फाटकाशी त्यानं जे सांगितलं ते खोटं ठरलं असतं, आणि हे एकट्या त्रिफूनला कळलं असतं.

"जाणार, कुम."

वुकोमाननं डोळे मिटले. कोणाचा तरी काटा ताटावर वाजला.

"बरं," त्रिफून म्हणाला. "मग ऐका सगळे, म्हणजे मला दोनदा सांगायला नको. याला मी आडवा येत नाही. शाप देत नाही. आशीर्वादही देत नाही, तो माझ्या तोंडून निघणार नाही. हा तिथे त्यांच्या कपड्यात असेल तेवढा काळ मी याला ओळखणार नाही. रस्त्यात भेटला तरी. नंतर काय होईल मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. कदाचित आमच्यात काही उरणार नाही."

"कुम," मिलोन्या म्हणाला, "असं नको..."

"थांब मिलोन्या. मी संपवलं नाही. म्हणून पोरीचा बाप्तिस्मा आधी करायचा. हा जायच्या आधी. रविवारी. एकदा ती माझ्या हातात आली की मग याचं आणि माझं काहीही होवो, तिचं आणि माझं कोणी मोडू शकत नाही. मी सुद्धा नाही."

मिलोन्यानं बाटली टेबलावर ठेवली.

"इथल्या देवळात," विदोसावा घाईनं म्हणाली. "फादर ओब्रादांना मी आज संध्याकाळीच..."

"नाही. आमच्याकडे. मठात."

"खिंडीतून? या दिवसांत? तान्हं पोर घेऊन?"

"मी न्यायला येईन. चाकांना साखळ्या आहेत माझ्या." त्रिफून बाल्शाकडे वळला. "आधी बाप म्हणून ये. माझ्या गाडीत, माझ्या शेजारी बसून, मांडीवर पोर घेऊन त्या अडसरावर थांब. ते पोरगं येऊन काचेतून बघेल तुझ्याकडे. ते बघ एकदा. मग ज्या कपड्यात यायचं त्या कपड्यात ये."

"बर्फ फार असेल तर मी माझी जीप काढतो," वुकोमान म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं तसा तो चिडला. "काय? जीप उंच आहे. पोर पोरच आहे ना?"

बाल्शानं फोन घेतला आणि चुलीजवळच्या कोपऱ्यात गेला. त्याच्या बायकोनं, क्सेनियानं, लगेच उचलला, ती सकाळपासून वाट बघत असावी. त्यानं सगळं सांगितलं, जमेल तितकं हळू. जाणार म्हणाल्याचं. मग त्रिफून काय म्हणाला ते. रविवार, खिंड, मठ. पलीकडे मुलगी कुरकुरत होती आणि क्सेनिया तिला हलवत होती, हे त्याला ऐकू येत होतं. तिला त्याच्या जाण्याबद्दल बोलायचं होतं, हे त्याला माहीत होतं. ती त्याबद्दल बोलली नाही.

"तिथे आत ऊब असते का?" तिनं विचारलं.

बाल्शाला माहीत नव्हतं. तो फोन कानाशी धरूनच वळला. "कुम, ती विचारतेय, मठात ऊब असते का?"

"नाही," त्रिफून म्हणाला. "दगडाच्या भिंती आहेत, कुठली ऊब. तिला सांग, पाणी मात्र तापवतात. कढत नाही, पण तापवतात. मी स्वतः हात घालून बघेन."